लगाम काढून पडलेला स्वार

मरायला जायचं असलं की दस्तगीरचाचा आधी गुळगुळीत दाढी करायचे. आमच्या दारासमोरच्या कट्ट्यावर बसून, खिडकीच्या गजाला आरसा अडकवून. "कुठं चाललाय चाचा?" असं कुणी विचारलं की गालावरचा साबण न पुसता म्हणायचे, "मराय चाललोय. सांजच्याला येतो." दाढीमागचं कारणही सांगायचे. सिनेमात दाढ्यामिशा चिकटवतात, आणि "खुंट असलं की डिंक धरत न्हाय."

तसे ते टांगेवाले. पण कोल्हापुरात ऐतिहासिक चित्रपट निघाला की घोडेस्वार टांगेवाल्यांतूनच घेत, आणि भरधाव घोड्यावरून पडावं तर चाचांनीच. "पडताना घोड्याला कळाय न्हाय पायजे, न्हायतर ते बिथरतं," हे त्यांचं शास्त्र. एका दिवसात ते दोन्ही फौजांतून मरून यायचे. "सकाळी हिकडनं मेलो, दुपारी तिकडनं. माती सारखीच लागतीया की!" म्हणत सदरा झटकायचे आणि चाची दारातूनच ओरडायची, "आधी पाय धुवा, शहीदसाब!"

मी त्यांच्याच टांग्यातून शाळेत जायचे. शाळा इंग्रजी, स्वभाव मुखदुर्बळ. गल्लीतली मुलं मला 'मडम' म्हणत आणि खेळायला घेत नसत. चाचा मात्र रोज विचारायचे, "काय बेटा, जीभ शाळंतच ठिवून आलीस काय?" मी हसायचे. तेवढं त्यांना पुरायचं.

मी कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला असताना जोतिबाच्या डोंगराखालच्या माळावर एका मोठ्या युद्धपटाचं चित्रण चाललं होतं. चाचांना पहिल्यांदाच एकट्याचं काम मिळालं. खिंड अडवून धरणारा म्हातारा स्वार. छातीत बाण लागतो आणि तो पडतो, एवढंच. घोडी त्यांचीच होती, चंदा. बाण लागल्यावर चाचा लगेच पडले नाहीत. झोकांड्या खात खाली उतरले, चंदाच्या तोंडातला लगाम काढला, तिच्या पुठ्ठ्यावर थाप मारून तिला पिटाळलं आणि मग कोसळले. हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. "मालक मेल्यावर जनावराच्या तोंडात लोखंड कशाला?" असं त्यांनी नंतर मला विचारलं.

ते जमिनीवर पडलेले असतानाच मागून स्वारांची लाट आली आणि एका घोड्याचा पाय त्यांच्या कमरेवर पडला. कॅमेरा चालू होता. चाचा हलले नाहीत. दिग्दर्शकाने थांबा म्हटल्यावरही ते उठेनात, तेव्हा कुठे लोकांना कळलं. "ओरडायचं की वो!" म्हणून चाची रडली, तेव्हा म्हणाले, "खुळी हायेस. मुडदा कधी वरडतोय व्हय?"

त्यानंतर ते बाजेवरच होते. बसणं जमेना, टांगा गेला, चंदाही विकली. चित्रपट लागला तेव्हा गल्ली लोटली, पण त्यांना थिएटरात नेणं शक्य नव्हतं. त्यांनी मला बोलावून घेतलं.

"बाकीची हिरोकडं बघत्यात. तू गप असतीस, तू नीट बघशील. लगाम काढतो ते ठेवलंय का कापलंय, एवढंच बघून ये."

ठेवलं होतं. पडद्यावर ते दृश्य आलं तेव्हा शिट्ट्या मारणारं थिएटर एकदम गप्प झालं. मी येऊन सांगितलं, तर त्यांनी तेच माझ्याकडून तीनदा वदवून घेतलं.

त्या चित्रपटावर मी इंग्रजीत परीक्षण लिहून एका वर्तमानपत्राला पाठवलं. ते छापून आलं. चित्रपट होताच लिहिण्यासारखा. वेढ्यातली उपासमार इतकी खरी की पाहणाऱ्याची जीभ कोरडी पडावी. नायकाने आवाज न चढवता पेललेला सेनापती, त्याच्या आईचं काम करणाऱ्या बाईंची निरोपाच्या वेळची कोरडी नजर, शत्रूच्या सरदारालाही माणूस करणारा तो नट, सगळ्यांची मी नावं घेऊन तारीफ केली. लगाम काढणाऱ्या स्वारावरही एक परिच्छेद होता. तो मी स्वतःच खोडला. श्रेयनामावलीत चाचांचं नाव नव्हतं, आणि शेजाऱ्याची भलामण केली असं कुणी म्हणेल याची मला भीती वाटली.

चाचांनी परीक्षण वाचून दाखवायला सांगितलं. मी मराठीत सांगत गेले. शेवटी ते म्हणाले, "आमचं न्हाय काय?" आणि छापील कागदाकडे बघत मी तो खोडलेला परिच्छेद आठवून जसाच्या तसा वाचला. "आणि दस्तगीर नावाच्या स्वाराने मरताना घोडीला मोकळं केलं, ते या चित्रपटातलं सर्वांत सुंदर दृश्य आहे." त्यांनी डोळे मिटून घेतले. मग तो कागद उशाशी ठेवून येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवू लागले.

आठवड्याने उचगावहून त्यांचा भाचा सलीम आला. तो इंग्रजी वाचायचा. दुसऱ्या दिवशी चाचांनी मला हाक मारली.

"बेटा, ह्यात मी न्हाय म्हनं."

मी मान खाली घातली.

"मग वाचलंस ते कुठलं?"

"माझ्या मनातलं होतं, चाचा."

"मनातलं व्हय?" ते छताकडे बघत म्हणाले. आवाज चढला नव्हता. "बेटा, मी क्यामेऱ्याफुडं पडलो. घरात न्हाय पडलो."

मी घरी येऊन संपादकांना पत्र लिहिलं. परीक्षणात माझ्याकडून काय राहिलं, का राहिलं, सगळं लिहिलं. चाचांचं पूर्ण नाव लिहिलं. चंदाचंही लिहिलं. रोज वर्तमानपत्र उघडून बघायचे. पत्र येईना, आणि त्यांच्यासमोर जायचा मला धीर होईना.

पत्र छापून आलं तेव्हा चाचांना जाऊन चार दिवस झाले होते.

मी ते घेऊन चाचीकडे गेले. ती भिंतीला टेकून बसली होती. मी एकेका ओळीचं मराठी करत सावकाश वाचलं, नावापाशी बोट ठेवून दाखवलं. तिने सगळं ऐकून घेतलं. मग माझ्या हातातून कागद घेतला आणि नीट घडी घालून पदराआड ठेवला.

"बरं वाचलंस, पोरी," ती म्हणाली. "शुक्रवारी सलीम येतोय. त्याच्याकडनं ऐकते."