गयानं नेसलेली शेवटची साडी

गयाची मान माझ्या खांद्यावर पडली तेव्हा मला वाटलं, तिचा डोळा लागला. दवाखान्यातला बाक, दुपारची वेळ, डोक्यावर कुरकुरणारा पंखा. इमर्जन्सीच्या दारातून माणसं आतबाहेर करत होती. मी म्हणाले, "गया, नीट बस, लोकं बघायलेत." तिचा हात उचलून मांडीवर ठेवला तर तो घसरला आणि बाकाखाली लोंबत राहिला. मी ओरडले. मग मात्र सगळे धावले. इतका वेळ ज्यांना आमच्याकडं बघायला सवड नव्हती असे चार जण एकदम आले, स्ट्रेचर आलं, पडदा ओढला, मला बाहेर काढलं. थोड्या वेळानं, ज्यानं गयाला गोळी देऊन बाहेर बसवलं होतं तोच तरणा डॉक्टर बाहेर आला आणि माझ्या डोक्यावरून पलीकडं बघत म्हणाला, "तुमच्यासोबत कोणी मोठं माणूस नाही का?" मी सत्तरी ओलांडलेली बाई. त्याला आणखी किती मोठं माणूस पाहिजे होतं, कोण जाणे.

ह्याला आता सात आठवडे झाले. दवाखान्याचं नाव मी लिहीत नाही, गयाच्या पोरीनं नको म्हटलंय. गया मुकुंदवाडीत माझ्या भिंतीला भिंत लागून राहायची. मला आक्का म्हणायची, नात्यानं आम्ही एकमेकींच्या कोणी नव्हतो. ती बौद्धाची, मी मराठ्याची. आधी आधी माझ्या सासूला तिच्या घरचं पाणी चालत नव्हतं. मग सासू अंथरुणाला खिळली, तिची लुगडी गयानंच धुतली, आणि म्हातारी गुपचूप तिच्या हातचा चहा प्यायला लागली. गयाचा नवरा लवकर गेला. त्याचं इस्त्रीचं टेबल तिनं चालवलं, आधी कोळशाच्या इस्त्रीवर, मग विजेच्या. तिची एक रीत होती. कपडा हातात आला की तो घ्यायच्या आधी उलटा करून उजेडात धरायची. कुठं डाग, कुठं विरलंय, कुठं आधीचं भाजलंय, सगळं त्या बाईला दाखवायची. "हे बघा ताई, हे आधीचंच हाय बरं का. मग माझ्या नावानं बोंबलू नका." बायका वैतागायच्या. पण तिच्याकडं आलेला कपडा तिनं आतून बघितला नाही, असं कधी झालं नाही.

दवाखान्याबद्दल तिचं एक मत पक्कं होतं आणि ते कशावरून झालं हेही मला माहीत आहे. तिची संगीता लहान असताना तापात झटके यायला लागले. गया टेबलावरून उठली तशीच पोरीला घेऊन दवाखान्यात पळाली, साडीला कोळसा, हात काळे. मी सोबत होते. तिथल्या बाईनं लांबूनच हात केला, "ए, तिकडं दाराशी बस. आधी हात धुवून ये." आमच्या मागून एक बाई आली, चांगल्या साडीतली, पोराला नुसती सर्दी. ती आधी आत गेली. संगीता वाचली, पण गयानं ते मनात धरलं. "आक्का, ती लोकं कपडे बघून बोलतेत. दवाखान्यात जायचं तर कडक घडीची साडी नेसून जायचं." आणि तिचं खरंही ठरलं. माझ्या मालकांचं ऑपरेशन होतं तेव्हा तिनं त्यांना पांढऱ्या शुभ्र कपड्यात धाडलं, माझी साडीही तिनंच इस्त्री करून दिली. डॉक्टरनं मला खुर्ची दिली, अहो-जाहो केलं. तेव्हापासून माझाही तिच्या बोलण्यावर विश्वास बसला. आमच्या दोघींच्या घरातलं कोणी दवाखान्यात चुरगाळलेल्या कपड्यात गेलं नाही.

त्या दिवशी सकाळी अकराच्या सुमाराला तिनं भिंत वाजवली. मी गेले तर खाटेवर बसलेली, घामानं चिंब. म्हणाली, जबडा दुखायलाय, डावा हात जड झालाय, पोटात आग पडलीय. मी म्हणाले, चल लगेच. "अशी? ह्या साडीवर?" असं म्हणून तिनं ट्रंकेतली मोरपंखी साडी काढायला लावली, संगीताच्या लग्नाला औरंगपुऱ्याच्या बाजारातून आणलेली. ठेवून ठेवून तिच्या घड्यांना चुण्या पडल्या होत्या. गयाच्यानं इस्त्री उचलवेना. "आक्का, तू फिरव." मी कधी तिच्या इस्त्रीला हात लावला नव्हता. ती खाटेवरून हुकूम सोडत होती, उलटी कर, काठावर दाब देऊ नको, थांबू नको एका जागी. त्या दुखण्यातही हसली. "म्हशीनं रांगोळी काढावी तशी इस्त्री करायलीस तू." मग निऱ्या, मग वेणी, मग तोंडाला पावडर. मी म्हणायला पाहिजे होतं की जळो ती साडी. मी नाही म्हणाले. मला पटत होतं ना तिचं. अर्धा तास तरी गेला असेल त्यात.

रिक्षातून उतरून ती आपल्या पायानं आत गेली. पदर नीट, मान ताठ. डॉक्टरच्या हातात मोबाइल होता. तो हसून म्हणाला, "काय आजी, लग्नाला निघालात का?" आणि गया चक्क लाजली. "काय होतंय?" "काय नाय साहेब... जरा जळजळ." मी मागून बोलले, जबडा दुखतोय तिचा, हात जड पडलाय, घाम बघा किती आलाय. तो म्हणाला, "पेशंट त्या का तुम्ही? बोलू द्या त्यांना. आणि दातांचे डॉक्टर सकाळी असतात, वरच्या मजल्यावर." मला केसपेपर काढायला पाठवलं. रांग होती. परत आले तर गया बाहेर बाकावर बसलेली. "काय म्हणला गं?" "पित्त म्हणला. गोळी दिली. बसा म्हणला थोडं." "आणखी काय विचारलं?" तिनं निऱ्या सारख्या केल्या. "काय नाय... जाऊ दे." त्यानंतर मी दोनदा आत गेले. पहिल्यांदा नर्स म्हणाली, बसा. दुसऱ्यांदा डॉक्टर म्हणाला, "मावशी, खरे सिरियस पेशंट बघू द्या की आम्हाला. त्या चालत आल्यात, बोलतायत." चालत आली हाच तिचा गुन्हा झाला.

संगीता जालन्याहून आली. नंतर तिनं दवाखान्याचे कागद मिळवले आणि माझ्यासमोर वाचले. त्यात एक ओळ होती, ईसीजी काढायला सांगितला, रुग्णानं नकार दिला. मी म्हणाले, खोटं आहे. मी चौथी शिकलेली, इंग्रजी मला कळत नाही, पण डोळे आहेत. बाकीचं लिखाण ऐसपैस, आणि ही ओळ दोन ओळींच्या फटीत कोंबलेली, शाईही गडद. संगीतानं कागद खिडकीत नेऊन बघितला. तिलाही तसंच वाटलं. माझी अजून खात्री आहे की ती ओळ गया गेल्यावर लिहिलेली आहे.

पण खात्री रात्रंदिवस टिकत नाही. मी तर रांगेत होते. मला काय ठाऊक आत काय झालं? त्या पोरानं जाता जाता विचारलंही असेल, आणि गया नको म्हणालीही असेल. परक्या पोरासमोर पदर काढायचा, चोळीची बटणं सोडायची, एवढ्या खटाटोपानं नेसलेली साडी विस्कटायची... ती "जाऊ दे" म्हणाली ते कशाबद्दल? मी डॉक्टरवर संशय घेते, मग गयावर घेते, मग माझ्यावर येते. एवढं मात्र म्हणेन, की ती नको म्हणाली असली तरी पुन्हा विचारायचं काम त्याचं होतं. तिच्या कपाळाला नुसता हात लावला असता तर पावडरीखालचा गार घाम हाताला लागला असता. त्यानं वरून बघितलं आणि गोळी दिली.

मी आणि संगीता जाब विचारायला गेलो तेव्हा ऑफिसातल्या माणसानं आधी आम्हाला उभंच ठेवलं. मग विचारलं, "त्रास सुरू झाल्यावर घरून निघायला उशीर का केला?" तो सगळ्यांनाच तसं विचारत असेल. संगीता भांडली, "आमची मावशी लगेच घेऊन आलीय तिला." मी गप्प बसले. ज्या बाईला जन्मभर फटकळ म्हणून नावं ठेवली ती मी, तिथं गप्प बसले. संगीता, तुला तोंडावर सांगायचं झालं नाही, म्हणून इथं लिहिते. आम्ही लगेच निघालो नव्हतो. तुझी आई घाम पुसत बसली होती आणि मी साडीला इस्त्री करत होते.

ती साडी दवाखान्यानं पिशवीत घालून दिली. संगीतानं ती माझ्याकडंच ठेवली, तिला बघवत नाही. परवा मी पिशवी सोडली आणि साडी गया धरायची तशी उलटी करून दारातल्या उजेडात धरली. निऱ्यांच्या जागी आतल्या बाजूला इस्त्रीच्या टोकाएवढा भाजल्याचा डाग आहे. माझ्या हातचा. निऱ्या घालताना गयाला तो दिसल्याशिवाय राहिला नसेल. तिनं तो आत घेतला आणि वर चांगली बाजू काढली. मला बोलली नाही.

साडी मी धुतलेली नाही. तिची इस्त्रीही माझ्याकडंच आहे, ट्रंकेवर. बाकावर आम्ही दोघी बसलो होतो. त्यातली मी घरी आले.