उलटा बसणारा बळीराम

कोन गावच्या बळीराम घरताला पनवेल तालुक्यात लोक 'उलटा बसणारा' म्हणायचे. ती शिवी नव्हती, मान होता. नव्वदच्या दशकाच्या शेवटाशेवटाला ज्यांची शेतं शहरात गेली आणि ज्यांचे ट्रेलर न्हावा शेव्याच्या बंदराला लागले, त्यांच्या बंगल्यांत थेटर आलं. घरातलं थेटर. टीव्हीच्या दोन अंगांना आवाजाचे दोन खोके, मधे एक, पाठीमागं दोन, आणि कोपऱ्यात जाड्या आवाजाचा वूफर. दुकानदार सामान टाकून जायचा. आवाज खोलीला बसवायचा तो बळीरामानं.

ही विद्या त्याला हळदीत मिळाली. आमच्या आगऱ्यांची हळद लग्नाला भारी असते. कर्णा पलीकडच्या गावात ऐकू गेला नाय तर नवऱ्याच्या बापाला तोंड दाखवायला जागा नसते. बळीराम तेव्हा कर्णे लावायचा. अँपच्या शेजारी पाट टाकून बसायचा, आणि कर्णा नेमका डाव्या हाताला. अशा किती हळदी गेल्या त्याचा हिशोब नाय. डावा कान तो तिथंच कुठंतरी ठेवून आला.

कान गेला तेव्हा दुखला-खुपला नाय. सकाळी मोरीत तोंड धुताना त्याची बायको शकू डावीकडून बोलत होती, आणि ह्याला वाटलं आज ही गप्प कशी. मान वळवली तर तिचं तोंड चालू. बळीरामानं तोंड पुसलं आणि चहा प्यायला. कुणाला बोलला नाय. शेत गेलं होतं, मिठागर गेलं होतं. हातात राहिलेला एकच धंदा, तो कानाचा. बहिऱ्याला कोण आपल्या घरात घेणार?

खोलीत शिरला की तो मधोमध उभा राहून एक टाळी वाजवायचा. नव्या बंगल्यात खाली गुळगुळीत लादी, भिंतीला ऑइल पेंट, काचेचं शोकेस. टाळी रिकाम्या विहिरीत पडल्यासारखी घुमायची. मग तो घरच्या बाईला सांगायचा, "गोधड्या काड." एक मागच्या भिंतीवर, एक लादीवर, खिडकीला जाडा पडदा. वूफर कोपऱ्यातनं पुढं ओढायचा, कारण कोपऱ्यात तो रेड्यागत डुरकतो. मग तपासणीची कळ दाबायची. तापल्या तव्यावर पाणी शिंपडावं तसा खस्स आवाज एकेका खोक्यातून पाळीपाळीनं येतो. मालक जिथं बसतो तिथं बसायचं, आणि कुठला खोका मोठा बोलतो, कुठला बारीक, ते बघून सगळ्यांचं खस्स सारखं करायचं. काम एवढंच.

आता एका कानाचा माणूस डावीकडचं काय ऐकणार? बळीराम उजवीकडचे खोके सुलटं बसून लावायचा. मग सोफ्यावर गुडघे टेकायचा आणि तोंड पाठच्या भिंतीकडं करायचा. डावीकडचे खोके आपोआप उजव्या कानाशी यायचे. लोकांनी त्याचा विधी करून टाकला. थेटर आणलं की वूफरला हळदकुंकू, आणि बळीराम उलटा बसल्याशिवाय कुणी जेवायचं नाय. एका शहाण्यानं बळीरामाला न बोलावता स्वतः खोके लावले आणि सगळं घर टीव्हीकडं पाठ करून बसवलं. म्हणाला, आवाज असाच पावतो. बळीरामाच्या कानावर हे आलं. तो हसला नाय, आणि लोकांचं म्हणणं त्यानं खोडूनही काढलं नाय.

रोडपालीला हसुराम कडूकडं थेटर आलं तेव्हा तो गेला. हसुराम ट्रेलरवाला, पोट सुटलेला, जिभेनं गोड. त्याची आई गोदूबाय सोफ्याच्या कडेला पाय वर घेऊन बसली होती. बळीरामानं टाळी मारली. टाळी त्याला जरा भोंगळ वाटली. गोधड्या लागल्या, वूफर पुढं आला. त्यानं कळ दाबली.

काहीच नाय.

"वायर सुटली," बळीराम म्हणाला. पुढचा खोका उघडला, वायर आवळली, परत येऊन बसला. काही नाय. त्यानं आवाज वाढवला. आणखी वाढवला. डोक्यावरचा पंखा त्याला ऐकू येत होता, रस्त्यावरून जाणारा ट्रेलर ऐकू येत होता. खस्स तेवढं नव्हतं. शोकेसमधल्या कपबश्या हलायला लागल्या. गोदूबायनं दोन्ही कानांवर पदर दाबला आणि तोंड उघडलं.

"बंद कर रं मुडद्या! कान फुटलं माजं!"

बळीरामाला तिचं हलतं तोंड तेवढं दिसलं. "वाजतंय कुठं?" त्यानं विचारलं.

सगळं घर हसलं. हसुराम मांडीवर थाप मारून ओरडला, "दादूस आज मस्करीन हाय!"

बळीराम उठून पुढच्या खोक्याजवळ गेला. त्याच्या जाळीवर त्यानं तळहात ठेवला. हाताला मुंग्या आल्या. थोडा वेळ थांबल्या, मग पाळी फिरून आल्यावर परत आल्या. खोका नीट बोलत होता.

उजवा कानही आता जात होता. पंख्या-ट्रेलरचं जाडं ऐकू येत होतं, खस्ससारखं बारीक गेलं होतं. बळीरामाला रडू आलं, भोवळ आली, असं काही झालं नाय. त्याला तहान लागली. त्यानं आवाज कमी केला, पाणी मागितलं आणि तांब्या खाली केला.

मग गोदूबायपुढं उभा राहिला. "मावशे, मधी बस. आज तुज्या कानान लावतंय."

"माज्या कानान काय सोना हाय?"

"दोन हायत. बस. जो मोठा बोलल त्याच्याकडं बोट कर, बारीक असल त्याला मूठ दाव."

म्हातारी मधे बसली. बोट करायची, मूठ दाखवायची. बळीराम तिच्या हाताकडं बघत बटण फिरवायचा. पाठच्या खोक्याला तिनं मूठ दाखवली, तसा तो वाढवला. शेवटी तिनं दोन्ही हात मांडीवर ठेवले. "आता सारकं झालं. उलटी बसू काय?"

"नको. तुना गरज नाय."

घर पुन्हा हसलं. हसुराम मात्र खोळंबला. स्वयंपाकघरात जेवण झाकून ठेवलं होतं. तो बळीरामाच्या अगदी तोंडाशी येऊन मोठ्यानं बोलला, "दादूस, तू उलटा बसून जा ना. लोक विचारतीन. त्याबिगर बरा दिसत नाय."

बळीरामानं सोफ्यावर गुडघे टेकले. तोंड भिंतीकडं केलं. समोर गोधडी होती, कुणाच्यातरी जुन्या लुगड्यांची. पाठीमागं खस्स फिरत असेल. तो गोधडीचे टाके बघत राहिला. बरं दिसेल इतका वेळ झाल्यावर उतरला. "झाला," म्हणाला. घर जेवायला बसलं.

कोनला आला तेव्हा शकू पडवीत सुपात बोंबील घेऊन बसली होती. बळीराम आत गेला. जुन्या घरात उभा राहून त्यानं टाळी वाजवली. बाहेरून शकू काय म्हणाली ते त्याला कळलं नाय. ती उठून समोर आली.

"टाली कशाला मारलीस?"

"वाजली काय?"

"वाजली ना."

"कशी वाजली?"

"कशी म्हंजे? टालीसारकी."

"बरा." त्यानं खांद्यावरची पिशवी खुंटीला लावली. "उद्यापासना मी नाय जायाचा."

"कया?"

"कुठंच. कान गेलं. जाडा तेवढा ऐकू येतंय."

शकूनं पदर कमरेला खोचला. मग बोलली, पण आता जाड्या आवाजात, पुरुषासारखी, म्हणजे त्याला पोचावं. "मंग घरान बसून काय करशील? बोंबील वाळत घाल. माजी कंबर गेली वाकून."

बळीरामानं सूप घेतलं आणि अंगणातल्या काठीपाशी गेला. एका बोंबलाच्या तोंडात दुसऱ्याचं तोंड अडकवायचं आणि जोडी काठीवर टाकायची. तो टाकत गेला. रस्त्यानं बंदराचे ट्रेलर हॉर्न मारत चालले होते. त्यानं मान वर केली नाय. सूप रिकामं झालं तसा दुसरं भरून आणायला आत गेला.