रिहाला ओठ होते

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्यालाही नाही — आणि त्याला तर मी भाजीत मीठ दोनदा पडलं तरी सांगते. आज सांगते आहे, पण मान खाली घालून नाही.

मी एक विज्ञान-कादंबरी लिहिली. तिच्यात रिहा नावाचा ग्रह आहे. तिथल्या लोकांना ओठ नाहीत, म्हणून त्यांच्या भाषेत प नाही, ब नाही, म नाही. पाण्याला लुर, भाकरीला तिठाक. केवढं कौतुक झालं — किती शास्त्रशुद्ध विचार!

विचार? अकोल्याच्या घरी माझी धाकटी बहीण पुष्पा बोलताना अडखळायची. ओठ मिटले, की शब्द अडलाच. हजेरीला स्वतःचं नाव निघेना; पोरी फिदीफिदी हसायच्या. मग तिनं अडणाऱ्या प्रत्येक शब्दाऐवजी नवा शब्द केला. स्वतःसाठीसुद्धा — रिहा. आणि मी? याद्यांची खोड तेव्हापासूनची. वहीत दोन रकाने आखले: आपला शब्द, पुष्पाचा शब्द. मोठेपणी ती निम्मे विसरली. माझी वही नसती तर त्यातलं काय उरलं असतं? हे मी ठणकावून विचारते. पण यादी करणं म्हणजे शब्द करणं नव्हे — हे मला तेव्हाही कळत होतं.

अमरावतीत पुस्तकावर कार्यक्रम झाला. कुणीतरी विचारलं, हे शब्द सुचले कसे? तिसऱ्या रांगेत पुष्पा होती, अंजनगाव सुर्जीहून एसटीनं आलेली, मांडीवर माझ्यासाठी केळ्यांची पिशवी. मी माईक जवळ ओढला. म्हणाले, एकेक शब्द मी स्वतः घडवला, ओठ न मिटता बोलून पाहत.

टाळ्या पडल्या. तिनंही वाजवल्या.

नंतर चहाच्या टेबलाशी ती हळूच म्हणाली, "ओठ तं होते ना, ताई, त्या रिहाले?"

मी म्हटलं, "चहा घे, थंड होते."

त्यावर ती पुन्हा कधी बोलली नाही. केळी अजून आणते.

आता दुसरी आवृत्ती निघते आहे. अर्पणपत्रिकेत 'पुष्पाला' असं लिहिलं — आणि खोडलं. अर्पण करायचं ते आपलं असावं लागतं. तिचंच तिला काय अर्पण करू? मुखपृष्ठावर तिचं नाव घालता आलं असतं. सुचलं नाही, असं म्हणणार नाही. सुचलं होतं.

मुद्रितं आज सकाळी पाठवली. नाव एकच आहे. माझं.