एकाच हॉलातला निवारा

बायको नातवंडं सांभाळायला पुण्याला गेली, तेव्हापासून गावात रिकामा माणूस म्हणजे मीच, असं ठरून गेलंय. गेल्या वर्षी वादळात टिनं उडाली आणि म्हाताऱ्या, आजारी माणसांसाठी पक्का निवारा करायचं निघालं, तेव्हा ते काम आपसूक माझ्या गळ्यात आलं. मीही हुरळलो. घरी बोलायला भिंतच होती. इथं निदान मिस्त्री तरी होता.

शाळेचा स्लॅबचा हॉल ठरला. पायऱ्यांशेजारी उतार बांधला, कठडा लावला, आत खाटा टाकल्या, कमोड बसवला. कमोडवर मी स्वतः बसून पाहिलं. गाव अजून हसतंय.

यंदा वैशाखात एका दुपारी आभाळ काळंनिळं झालं. मशिदीच्या भोंग्यावरून पुकारलं, तसे म्हातारे काठ्या टेकत आले. मी चाकाची खुर्ची घेऊन काकूकडं पळालो. धाकटे काका वारले, पोरं परगावी. टिनाच्या घरात ती एकटीच. गुडघे गेलेले. उतारावरून खुर्ची झ्यॅक वर चढली. मी मनात स्वतःची पाठ थोपटतोय, तोच काकूनं दाराची चौकट धरली.

"आत कोन बसलंय?"

"थोरले काका आन् बाकीचे."

"मंग न्हाई जमत. भायासमोर खाटंवर पडू का म्या?"

नवऱ्याच्या थोरल्या भावासमोर ती जन्मात टेकली नव्हती.

"काकू, टिनं उडून राहिलीत!"

"उडू दे."

पाहतो तर व्हरांड्यात आणखी दोघीतिघी पदर ओढून भिंतीला चिकटलेल्या. आडवा पाऊस त्यांच्या अंगावर. मी मिस्त्रीला विचारलं होतं, ग्रामसेवकाला विचारलं होतं. बाईमाणसाला मात्र विचारलंच नव्हतं.

शाळेसमोर उभ्या रिकाम्या ट्रॅक्टरवरची हळद झाकायची ताडपत्री ओढून आणली आणि हॉलात आडवी बांधली. एक टोक काही केल्या खिडकीच्या गजापर्यंत पोचेना. ते मी हातात धरलं. बाया पलीकडं गेल्या. खाट करकरली, आणि काकूचा लांब सुस्कारा ऐकू आला.

"आली का ती?" अलीकडून थोरले काका.

"आली."

"भिजली आसंल. माझं घोंगडं दे तिला."

"त्याहिला सांग, तुमालाच राहू द्या म्हनावं," पलीकडून काकू. "वय झालं त्याहिचं."

दोघांत हातभर अंतर. दोघांना सगळं ऐकू येत होतं, तरी निरोप मीच पोचवला. घोंगडं शेवटी पलीकडं गेलं.

बाहेर वारा घोंगावत होता. पलीकडं बायांच्या गप्पा रंगल्या, अलीकडं तंबाखू मळली जाऊ लागली.

"बस की रं," कुणीतरी म्हणालं.

"सोडलं तर पडदा पडतो."

मग कुणी पुन्हा म्हटलं नाही. दोन्हीकडं माणसं होती. मी मधे, टोक धरून. हात भरून आले.

बऱ्याच वेळानं पलीकडून काकूचा आवाज आला, "हायेस ना रं?"

"हाय," मी म्हटलं.