कुंडलिकच्या टकलातला शुक्रवार

कुंडलिक म्हात्रेला कॉम्प्युटरचा राग होता आणि तो घेऊन आलेल्या सरस्वतीचा त्याहून जास्त. डोंबिवलीच्या एमआयडीसीतल्या पंपांच्या कारखान्यात बावीस वर्षं बाहेरची कामं तोच लावत आलेला. शाफ्टचं लेथवर टर्निंग एकाकडे, भट्टीत हार्डनिंग दुसऱ्याकडे, वरून प्लेटिंग तिसऱ्याकडे. सगळं त्याच्या टकल्या डोक्यात.

सत्त्याण्णव साली शेठने ठाण्याहून सरस्वतीला बोलावलं. कोण किती दिवस लावतो, किती माल बिघडवतो, हे पाहून तिचा प्रोग्राम आपला आपणच ही साखळी जुळवणार होता. शेठने दोघांना पन्नास-पन्नास शाफ्ट दिले. ज्याचे लवकर आणि चांगले येतील, काम त्याचं.

माहिती मात्र कुंडलिकनेच द्यायची. त्याने एकही आकडा खोटा सांगितला नाही. इतका हलकट तो नव्हता. पण डोंबिवलीतल्या प्लेटिंगवाल्याची सुट्टी शुक्रवारी आणि शहाडच्या हार्डनिंगवाल्याची रविवारी, हे त्याने गिळलं. शहाणीने विचारलं नाही, मग आपण कशाला तोंड उघडायचं?

प्रोग्रामने एकेक माणूस उत्तमच निवडला. शहाडवाल्याने गुरुवारी संध्याकाळी माल तयार केला. शुक्रवारी टेम्पोवाल्याने तो प्लेटिंगच्या बंद शटरपुढे उतरवला आणि निघून गेला. दिवसभर ॲसिडच्या पिंपांशेजारी पडून शाफ्ट तांबूस गंजले. कुंडलिकचे पन्नास तोवर पॅक झालेले. त्याने अख्ख्या ऑफिसला चहा पाजला, तिला सोडून.

शेठने दोघांना समोर उभं केलं. काकांनी सुट्टीचं सांगितलंच नाही, असं सरस्वती म्हणाली.

"मॅडमने विचारलं नाय," कुंडलिक म्हणाला. "बावीस वर्षं डोक्यात ठेवलंय हे."

"अजून काय काय ठेवलंय?" शेठने विचारलं.

असं त्याला आजवर कोणी विचारलं नव्हतं. कुंडलिकला चेव चढला. कोणाची भट्टी तापायला वेळ लागतो, कोणाचा कारागीर जत्रेला आठवडाभर गावी जातो, कोण घाईचं काम घेतो आणि कोपऱ्यात टाकतो. तासभर तो बोलत राहिला. सरस्वतीने वर न पाहता सगळं प्रोग्रामसाठी लिहून घेतलं.

वही मिटल्यावर शेठ म्हणाला, "उद्यापासून तू टेम्पोबरोबर जात जा, कुंडलिक. माल उतरवताना कोणीतरी हवंच."