शंभरपैकी सदतीस

नव्वदच्या दशकात आम्ही जपानमध्ये, कावासाकी शहरात होतो. तिथल्या कराओकेत गाणं संपलं की मशीन शंभरपैकी मार्क द्यायचं. लेकीच्या वर्गातल्या सगळ्या पोरींच्या तोंडी तेव्हा एकच प्रेमगीत होतं. त्यात तिला ब्याण्णव पडले. मी घराण्यातला पहिला पदवीधर, जन्मात कधी नापास न झालेला. गाणं देवनागरीत उतरवून आठवडाभर ट्रेनमध्ये पाठ केलं आणि रविवारी खणखणीत म्हटलं. एकतीस!

"बाबा, पाढे म्हणताय का? गाण्यात पहिल्यांदा प्रेमात पडलेली मुलगी आहे ती. जरा लाजा ना!"

पुन्हा माइक घेतला आणि टाय सावरत जमेल तेवढा लाजलो. सदतीस.

"कमीच आहेत," लेक म्हणाली.

"आमच्याकडे पस्तीसला पास असतं," म्हणालो आणि माइक ठेवला, तो कायमचा.