आईचं सोडियम
मी रसायनशास्त्रात बी.एस्सी. झाले तेव्हा आमच्या अमरावतीत त्या पदवीला कुणी विचारत नव्हतं. जो तो संगणकाचा कोर्स करून पुण्याला निघाला होता, मीही निघाले. हिंजवडीत नोकरी, धायरीत फ्लॅट, लग्न, मुलगी. ती सात महिन्यांची झाल्यावर तिला सांभाळायला आई गावाहून आली आणि माझी रजा संपली.

कंपनीच्या तपासणी शिबिरात मी आईचा रक्तदाब मोजून घेतला. जास्त निघाला. घराजवळच्या डॉक्टरांनी गोळी दिली, लघवीवाटे शरीरातलं पाणी आणि मीठ बाहेर टाकणारी, आणि मीठ कमी करा म्हणाले. मी ते जवळजवळ बंदच केलं. तिनं गावाहून आणलेली लोणच्याची बरणी शेजारी देऊन टाकली. शिवाय भरपूर पाणी चांगलं असं कुठेसं वाचलं होतं, म्हणून बाटल्या भरून ठेवून ऑफिसातून फोन करायची, किती संपल्या? आई म्हणायची, अळणी वरण घशाखाली उतरत नाही. मी तिला सांगायची की हे तुझ्याच भल्यासाठी आहे.

तीनेक आठवड्यांत ती मंदावली. चालताना तोल जायचा, मळमळायचं. नातीला माझ्याच नावानं हाक मारू लागली. नवरा म्हणाला, वय झालंय, आता असंच चालायचं. मला ते पटलं, कारण ते सोयीचं होतं. एके सकाळी दूध उतू जाऊन गॅस विझला होता, वास सुटला होता आणि आई तिथेच शेगडीकडे बघत उभी होती. बसची वेळ झालेली. मी बोलून गेले, "तुझ्या भरवशावर पोर ठेवायची मला भीती वाटते. तू नसतीस आली तरी चाललं असतं."

ती शेगडीकडेच बघत राहिली. दुसऱ्या दिवसापासून मी मुलीला पाळणाघरात घातलं. आई घरी एकटी राहू लागली, पाण्याच्या बाटल्यांसोबत.

त्या शनिवारी जेवताना तिचं अंग ताठ झालं, डोळे फिरले आणि हात झटके देऊ लागले. दवाखान्यात पोचेपर्यंत ती बेशुद्ध होती. रक्तात सोडियम निदान एकशे पस्तीस हवं, तिचं एकशे नऊ होतं. अतिदक्षता विभागातले डॉक्टर वयस्कर होते, आवाज न चढवता बोलायचे. त्यांनी सांगितलं की गोळीनं सोडियम बाहेर गेलं, जेवणातून आलं नाही, उरलं ते पाण्यानं पातळ झालं. मग पेशींत पाणी शिरतं, मेंदूला सूज येते.

"मीठ बंद करायला कुणी सांगितलं होतं?"

"कमी करायला सांगितलं होतं. बंद मी केलं."

"आपलं शिक्षण?"

"बी.एस्सी. केमिस्ट्री."

त्यांनी चष्म्यावरून एकदा पाहिलं आणि पुढे लिहू लागले.

मला वाटलं, आता मिठाचं सलाईन लावतील आणि दोन तासांत आई उठून बसेल. तसं करता येत नाही म्हणाले. सोडियम झपाट्यानं वाढवलं तर मेंदूला कायमची इजा होऊ शकते, ते थेंबाथेंबानंच चढवायचं. दर काही तासांनी रक्त घ्यायचे. एकशे बारा. एकशे सोळा. परीक्षेत याच अणूच्या इलेक्ट्रॉनांची मांडणी लिहून मी गुण मिळवले होते. सोडियम नसेल तर मज्जातंतूतून संदेश जात नाही, हे मला बाहेरच्या बाकावर बसून कळलं.

पाचव्या दिवशी आई नीट बोलू लागली. तिला सगळ्यांची नावं येत होती, वारही सांगता येत होता. मी तिचा हात धरून म्हणाले, की तू आजारी होतीस हे मला कळलं नाही, मी बोलले ते विसरून जा.

ती शांतपणे म्हणाली, "मले सारं समजत होतं. फक्त बोलाले शब्द सापडत नव्हते."

पंधरा दिवसांनी भाऊ येऊन तिला घेऊन गेला. तिनंच त्याला बोलावलं होतं, मला न विचारता. आता तिची तब्येत चांगली आहे, ती गोळी बदलली, जेवणात बेताचं मीठ असतं. फोन केला की नातीची चौकशी करते, माझ्या नोकरीची करते. मी दरवर्षी म्हणते, पुण्याला ये. ती नाही म्हणत नाही. पाहू म्हणते, आणि फोन वहिनीच्या हातात देते.